खोकून दाखवा

त्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर तिघं होते, पण "भूलबाई" म्हटलं की एकच. बुटक्या, जाड चष्म्याच्या, आणि चालताना चपला अशा फटफट वाजवणाऱ्या की वॉर्डाला आधीच वर्दी मिळायची. त्या आत शिरल्या की जुने पेशंट नव्यांना डोळ्यांनी खुणावत, "आली बघ, खोकायला लावणारी." कारण बाईंची एक खोड होती. बाकीचे डॉक्टर ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी पलंगाशी उभे राहून विचारत, "काय, दुखतंय का?" बाई हा प्रश्न विचारत नसत. कठड्यावर हात ठेवून म्हणत, "खोकून दाखवा."

पोटावर वीतभर टाके पडलेल्या माणसाला खोक म्हणायचं म्हणजे आपणहून शिव्या मागून घ्यायच्या. बाईंनी त्या पोटभर खाल्ल्या. एका निवृत्त हेडमास्तरांनी तर त्यांना तोंडावर कसाई म्हटलं. बाई म्हणाल्या, "कसाई काल भेटले तुम्हाला, थिएटरात. मी नुसती खोका म्हणते."

पण ही खोड उगीच लागलेली नव्हती. गप पडून राहिलेल्या माणसाला दुखत नसतंच, त्यात काय विशेष! दुखतं ते हलल्यावर, खोल श्वास घेतल्यावर, खोकल्यावर. मग माणूस काय करतो? हलत नाही, श्वास वरच्यावर घेतो, खोकला गिळतो. कफ तळाशी साचतो, फुप्फुस मिटत जातं, ताप चढतो. बाई नवीन होत्या तेव्हा त्यांनी एका सुताराला विचारलं होतं, दुखतंय का. तो शहाणा माणूस हसून नाही म्हणाला आणि बाईंनी विश्वास ठेवला. ऑपरेशन उत्तम झालं होतं, सुतार मात्र घरी गेला नाही. तेव्हापासून बाई माणसाच्या तोंडावर विश्वास ठेवेनाशा झाल्या, फक्त खोकल्यावर ठेवू लागल्या.

त्या हॉस्पिटलात पाठीतून औषध देण्याचे आधी दोनच प्रकार होते. पाठीच्या मणक्यांमधून एक बारीक नळी मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवायची, तिला एपिड्युरल म्हणतात, आणि तीतून सुन्न करणारं औषध सोडायचं. ते एकटं सोडलं तर बरंच सोडावं लागे. दुखणं थांबे, पण रक्तदाब खाली येई आणि पाय ओंडके होत. दुसरा प्रकार अफूच्या जातीच्या औषधाचा. ते एकटं जास्त दिलं की पेशंट डुलक्या घेई, अंग खाजवी, आणि खोकताना दुखायचं ते दुखायचंच. बाईंनी ठरवलं की दोन्ही द्यायची, पण दोन्ही थोडी. सर्जनसाहेब म्हणाले, "एकानं भागतंय तर दोन कशाला?" बाई म्हणाल्या, "भागत नाही म्हणून." सर्जनसाहेब भांडले, मेट्रन रुसली, औषधाच्या खोलीतला माणूस रोज नवीन कारण काढायचा. बाई हटल्या नाहीत. स्वतः मिश्रणाच्या पिशव्या बनवल्या, स्वतः पंपाशी बसल्या, आणि एक दिवस आतड्याचं ऑपरेशन झालेला एक पहिलवान दुसऱ्याच सकाळी स्वतःच्या पायांनी सर्जनसाहेबांच्या खोलीत चहा प्यायला आला. त्यानंतर साहेब म्हणायला लागले, "आमच्याकडे मिश्रण देतात." आमच्याकडे! बाई ऐकून नुसत्या हसायच्या.

अशी ही बाई. सर्जनला न भ्यालेली, मेट्रनला न भ्यालेली. जगात भ्यायची ती एकाच माणसाला, नवऱ्याच्या थोरल्या बहिणीला.

वन्संचा गाद्यांचा कारखाना होता. आईबाप लवकर गेले, धाकटा भाऊ पदरात. वन्संनी लग्न केलं नाही, कापूस पिंजला. त्या कापसावर भाऊ शिकला, त्या कापसावर त्याचा संसार उभा राहिला. कारखान्यात बायका बोलायच्या की वन्संच्या हातात सुई मोडेल पण तोंडातून "आई गं" निघायचं नाही. दुखलं तर सोसायचं आणि सोसलेलं सांगायचं नाही, हा वन्संचा धर्म. आणि तो त्यांनी घरात सगळ्यांना लावला.

बाई सून होऊन आल्या तेव्हा नुकत्या डॉक्टर झालेल्या. पुढे कशात शिकायचं ते ठरलं नव्हतं. पहिल्या बाळंतपणाला वन्संच उशाशी उभ्या होत्या. कळा वाढल्या, बाईंनी तोंड उघडलं, तशा वन्सं म्हणाल्या, "ओरडायचं नाही. आपल्या घरात ओरडत नाहीत." बाई ओरडल्या नाहीत. बाळ झालं, गोड झालं, सगळ्यांनी सुनेचं कौतुक केलं. आणि तान्ह्याला पाजता पाजता सुनेनं मनात पक्कं केलं की आपण शिकायचं ते भूल द्यायलाच. हे तिनं कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालाही नाही. तेव्हापासून दोघींत भांडण असं कधी झालं नाही, पण घरात दोघी असल्या की तिसरा माणूस जपून बोलायचा.

आता याच वन्संच्या जठरात गाठ निघाली.

सर्जनसाहेबांनी बाईंना खोलीत बोलावलं. "गाठ मी काढतो. निघेल. लवकर सापडली आहे. पण छाती पाहिलीत का त्यांची? कापसाचे पेळू भरलेत आत. पोट वरपासून उघडणार मी. नंतर खोकल्या नाहीत, तर श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागेल, आणि या छातीची माणसं मशीनवरून सहज खाली येत नाहीत."

बाईंना हे सांगायला लागत नव्हतं. घरच्या माणसाला आपण भूल देऊ नये हेही त्यांना ठाऊक होतं. पण बाकीचे दोघे कमरेत नळी घालणारे. पाठीच्या मध्यावर, जिथे हवी तिथे, घालणारा हात एकच होता. घरी नवऱ्यानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "ताईनं मला वाढवलंय गं. तूच दे. दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही."

वन्संना सांगितलं तेव्हा त्यांनी भावजयीकडे खालून वर पाहिलं. "पाठीत सुई खुपसणार? तू? बरीच वर्षं थांबलीस की."

"हो, आज जमलं एकदाचं," बाई म्हणाल्या. "उशी पोटाशी धरा आणि पाठ वाकवा."

"ही उशी? कापूस नाही यात, चिंध्या आहेत. कुणी भरली?" एवढं बोलून वन्संनी पाठ वाकवली. सुई गेली, नळी गेली, वन्संच्या तोंडातून हूं नाही की चूं नाही.

ऑपरेशन चांगलं झालं. गाठ गेली. दुसऱ्या दिवशी वन्सं उशाला टेकून बसल्या, खोका म्हटल्यावर कुरकुरत का होईना खणखणीत खोकल्या, खुर्चीपर्यंत चालून गेल्या आणि खुर्चीच्या गादीला नावं ठेवून परत आल्या. बाईंच्या जिवात जीव आला. सगळं सुरळीत चाललं होतं, पण नाकाला खाज सुटली.

वन्सं नाक चोळत होत्या. सिस्टर बिचारी साधी पोर, म्हणाली, "होतं असं आजी, त्या औषधानं. अफूच्या जातीचं असतं ना ते."

झालं! वन्संच्या कारखान्यात एक पिंजारी होता, अफू खाणारा. गुंगीत विडी पेटवून बसला आणि कापसाची अख्खी खोली पेटली. तो वाचला, पण त्या दिवसापासून वन्संसमोर अफूचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. बाई आल्या तेव्हा वन्सं पलंगावर ताठ बसून होत्या.

"अफू घातलीस माझ्या पाठीत?"

"वन्सं, अगदी थोडं आहे ते. पाठीतच राहतं, सवय लागत नाही त्यानं. खाजेवर औषध देते, मात्रा आणखी कमी करते."

"काढ."

"अहो, पण दोन्ही मिळून काम करतात ती..."

"मी काढ म्हटलं. माझं अंग आहे. मला नको, म्हणजे नको!"

सगळा वॉर्ड ऐकत होता. दुसरा कुणी पेशंट असता तर बाई तिथेच स्टूल ओढून बसल्या असत्या. तासभर समजावलं असतं, चित्र काढून दाखवलं असतं, रागावल्या असत्या. सर्जनशी वर्षानुवर्षं भांडलेली ही बाई. पण समोर वन्सं होत्या, आणि बाईंच्या घशात ते जुनं "आपल्या घरात ओरडत नाहीत" येऊन बसलं. त्या "बरं" म्हणाल्या आणि पिशवी बदलली. नव्या पिशवीत नुसतं सुन्न करणारं औषध. भीड ही भिकेची बहीण, असं म्हणतात ते खोटं नाही.

नुसत्यानं दुखणं झाकायचं तर पंपाचा वेग वाढवायला हवा. वाढवला, तर रक्तदाब घसरला, वन्संना गरगरलं. मग सिस्टरनं बाईंना विचारून वेग खाली आणला. म्हणजे आता अर्धवट पांघरूण, पाय झाकले तर डोकं उघडं. बाई सकाळी आल्या. पलंगाशी उभ्या राहिल्या. वन्सं भिंतीकडे बघत होत्या. आणि बाईंनी, त्याच बाईंनी, विचारलं, "वन्सं, दुखतंय का?"

"नाही," वन्सं म्हणाल्या.

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुढच्या पलंगाकडे वळल्या.

अहो बाई, सगळ्या गावाला खोकायला लावलंत आणि स्वतःच्या नणंदेपुढे जीभ टाळ्याला चिकटली? लोकां सांगे ब्रह्मज्ञान! तिथे खोका म्हटलं असतंत तर तिथेच उमगलं असतं. पण खोका म्हटलं असतं आणि वन्संचा चेहरा वाकडा झाला असता, तर पुन्हा त्या पिशवीचा विषय निघाला असता, आणि तो बाईंना नको होता. आणि वन्सं तरी काय करणार? आपणच हट्टानं काढायला लावलेलं औषध. आता दुखतंय म्हणायचं म्हणजे भावजयीपुढे हार. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

पुढच्या दिवशी वन्संना ताप भरला. श्वास वरवरचा, भराभर. बोटाला लावलेल्या यंत्रावरचा आकडा खाली यायला लागला, नाकाला ऑक्सिजन लागला. बाईंनी पाठीवर स्टेथोस्कोप टेकवला. डावीकडे हवा ये-जा करत होती. उजवीकडे तळाशी काहीच ऐकू येत नव्हतं.

सर्जनसाहेब पलंगाच्या पायगतीशी उभे राहिले आणि बाईंना बाहेर घेऊन गेले. "पाठीतल्या नळीचा उपयोग होत नाहीये. काढा. शिरेतून गुंगीचं देऊ, जरा झोपतील. आणि मशीनची तयारी ठेवा."

"झोपल्या तर खोकणार कशा?"

"मग उपाय सांगा."

"दुपारपर्यंत वेळ द्या मला."

"छाती अशी असताना?"

"छाती अशी आहे म्हणूनच," बाई म्हणाल्या. "नळी जागेवर आहे. चूक नळीची नाही, माझी आहे. मी निस्तरते. तोवर त्यांना कुणी हात लावायचा नाही."

साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. हा आवाज त्यांना जुन्या भांडणांतून ओळखीचा होता. "मी दारातच आहे," एवढंच ते म्हणाले.

बाई आत गेल्या. स्टूल ओढलं. व्हायचं ते होऊ दे, असं म्हणून कठड्यावर हात ठेवला.

"वन्सं, खोकून दाखवा."

वन्संनी घसा खाकरला. "हं."

"हा खोकला नाही. ही दाराबाहेर उभ्या राहिलेल्या पाहुण्याची खाकर. खोका."

वन्संनी श्वास घेतला. अर्ध्यातच तो अडला. चेहरा पांढराफटक पडला, हातानं कठडा घट्ट धरला, डोळ्यांत टचकन पाणी आलं. पण आवाज? आवाज नाहीच.

"आता ऐका माझं," बाई म्हणाल्या. "ते औषध काढलं ही माझी चूक. तुम्ही सांगितलं म्हणून काढलं. दुसऱ्या कुणाचं ऐकलं नसतं मी. तुम्हाला भ्याले. आता नाही भीत. तुमचं उजवं फुप्फुस मिटायला लागलंय. खोकलात नाही तर संध्याकाळी घशात नळी घालून मशीनवर ठेवतील, आणि तिथून तुम्ही परत याल याची खात्री मला कुणी देत नाही. मला तुम्ही हव्या आहात. तुमच्या भावाला हव्या आहात."

वन्संनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"डबल गादी जिन्यावरून उतरवताना किती माणसं लावता?"

वन्संनी मान वळवली. धंद्याचा प्रश्न होता, उत्तर देणं भाग होतं. "दोन," त्या धापा टाकत म्हणाल्या. "एकाला दिली तर... तो तरी पडतो, नाहीतर गादी तरी फाटते."

"तसंच आहे हे. मी एकट्याच्या डोक्यावर दिली गादी. दुसरा माणूस परत आणू का? अफूच्या जातीचा आहे, पण झोपणारा नाही. मी त्याच्या उशाशी बसते."

वन्संनी नाकाला हात लावून पाहिला. मग म्हणाल्या, "खाज सुटेल."

"सुटू दे. मी खाजवते."

"आण मग."

बाईंनी मिश्रणाची पिशवी स्वतः जोडली, पहिली मात्रा स्वतःच्या हातानं हळूहळू दिली. रक्तदाब पाहिला, पुन्हा पाहिला. बर्फाचा तुकडा पोटावरून फिरवत कुठवर गार लागतं ते विचारत गेल्या. पाय हलवून बघायला लावले. पाय हलत होते. मग स्टुलावर बसून राहिल्या. वन्संच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून सैल होताना त्यांना दिसत होत्या. कठड्यावरचा हात सुटला. श्वास थोडा खाली उतरला.

"आता खोका."

वन्संनी मान हलवली, नाही म्हणून. दुखत नव्हतं आता, पण आधी दुखलेलं अंगाला आठवत होतं. ती भीती काही पाठीतल्या नळीतून उतरत नाही. बाईंनी चुचकारलं, दरडावलं, हात जोडले. वन्सं ओठ मिटून पडल्या. दारात साहेबांनी घड्याळ पाहिलं.

आणि मग वन्सं हळूच म्हणाल्या, "तू मनगट चावलं होतंस."

"काय?"

"पोर झालं तेव्हा. मी ओरडू नको म्हटलं, तर तू स्वतःचं मनगट चावलंस. रक्त आलं होतं. मी पाहिलं होतं ते."

बाईंनी आपल्या मनगटाकडे पाहिलं. इतकी वर्षं त्या धरून चालल्या होत्या की ते कुणी पाहिलं नाही.

"फार दुखलं होतं का गं?"

जन्मात पहिल्यांदा वन्संनी कुणाला तरी हा प्रश्न विचारला होता, आणि तोही असा, ऑक्सिजनची नळी नाकात असताना. बाईंनी चष्मा काढला. "हो, वन्सं," त्या म्हणाल्या. "फार दुखलं. मला वाटलं, मी मरते आता."

"मग मेले, ओरडायचं तरी!"

"ओरडते कशी? उशाशी तुम्ही उभ्या होतात ना! कळांपेक्षा तुमचीच धास्ती जास्त होती."

वन्संच्या तोंडाचा कोपरा हलला. मग पोट हललं. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, पण हसू काही ऐकेना. आधी नाकातून, मग छातीतून, खदखदत वर आलं. आणि हसता हसता ठसका लागला, आणि ठसक्यामागून खरा खोकला आला, खोल, घरघरणारा, तळापासून उचकटून काढणारा.

"अगं आई गं!" वन्सं ओरडल्या. साऱ्या वॉर्डानं ऐकलं. "दुखतंय गं, दुखतंय!"

"किती?"

"सोसवेल एवढं... मेलीस तू आता!"

बाईंनी ती चिंध्यांची उशी त्यांच्या पोटाशी दाबून धरली, दुसरा हात पाठीमागे घातला आणि त्यांना पुढे वाकवलं. वन्संनी त्यांचं मनगट धरलं, तेच, आणि पुन्हा खोकल्या. सिस्टरनं पुढं केलेल्या भांड्यात घट्ट पिवळा गोळा पडला. बोटावरचा आकडा थबकला आणि चढायला लागला. दारातले साहेब मशीनवाल्याला "राहू दे" म्हणून सांगायला निघून गेले.

बाईंच्या गालांवरून पाणी वाहत होतं, पण पुसायला हात मोकळे नव्हते.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या.

"थांब जरा, भवाने. श्वास तर घेऊ दे."

"घ्या. खोल घ्या. आणि अजून एकदा."

वन्संनी खोल श्वास घेतला, भावजयीचं मनगट आणखी घट्ट धरलं आणि खोकल्या.